खांब लातुरातच राहिला

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या संचालकांनी मला फसवलं. मी बनवलेले कॉम्प्युटरचे हुकूम त्यांनी भाच्याच्या नावाने छापले, आणि त्याबद्दलची शालही भाच्याच्याच खांद्यावर पडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की ही बाई तर जिंकली. जिंकलेच आहे. पण जिंकल्याने फसवणूक पुसली जात नाही.

संचालकांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे, मीही तेच म्हणेन. हा अंक ते दर दिवाळीला घेतात, एवढं मला ठाऊक आहे.

माझ्या अब्बांचं गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर पांढरी गादी आणि मागे काचेच्या माळा. भाव करायला मी तिथे शिकले. अब्बा म्हणायचे, “बेटी, बांगडी हातात धरलेली असते तोवर भाव गिऱ्हाइकाचा. मनगटात चढली की भाव आपला.” काचेची घट्ट बांगडी एकदा चढली की फोडल्याशिवाय निघत नाही, आणि दुकानात बसून नवी बांगडी फोडणं कुठल्या बाईच्या जिवावर येत नाही? हा धडा मी आयुष्यभर वापरला. तापट स्वभाव मात्र माझा स्वतःचा. अब्बा शांत होते.

टायपिंगच्या मराठी आणि इंग्रजी परीक्षा मी नुकत्याच पास झाले होते, तेव्हा भूकंप झाला. आमच्या घराला तडे गेले, माणसं वाचली. किल्लारीकडच्या गावांत काय झालं ते मी लिहिणार नाही. ज्यांचं गेलं, लिहायचा हक्क त्यांचा आहे. मदतीच्या एका तंबूत टाइपरायटर घेऊन मी बसले, त्याबद्दल तेवढं सांगते. कुठल्या कुटुंबाला काय हवं ते आम्ही टाइप करायचो. पत्रे, घोंगडी, रॉकेल, भांडी, तेच तेच शब्द. हात दुखायचे म्हणून प्रत्येक टायपिस्टने आपापल्या खुणा काढल्या होत्या. पाळी बदलली की नवा माणूस जुन्याच्या खुणा बघून डोकं खाजवायचा. पत्रे मागणाऱ्याच्या पुढ्यात घोंगड्या यायच्या.

तंबूचे प्रमुख एक निवृत्त गिरदावर होते, निजामाच्या काळात महसुलात नोकरी केलेले. मी त्यांना म्हटलं, “साहेब, खुणा सगळ्यांच्या एकच पाहिजेत. एका कागदावर लिहा आणि तंबूच्या खांबाला चिकटवा. नवा येईल तो आधी खांब वाचेल, मग खुर्चीवर बसेल.”

“पोरी, खांबाला काय चिकटवायचं ते मी ठरवीन.”

“तुम्हीच ठरवा. पण आत्ता ठरवा. बाहेर बाई उभी आहे आणि तिच्या हातात चुकीची घोंगडी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोक्यावरची टोपी सरळ केली आणि डिंक मागवला. त्या खांबाने तो तंबू चालला. छोटी खूण कामाची असते, पण ती सगळ्यांची हवी आणि सगळ्यांना दिसेल अशा एकाच जागी हवी, हे मी तिथे शिकले. पुढे मी कॉम्प्युटरवर जे काही केलं ते एवढंच आहे. इंजिनिअर लोकांना मात्र ते समजावून सांगायला फार वेळ लागतो.

मग लातूर बदललं. ज्या गल्लीत धान्याची पोती उतरायची तिथे पोरांच्या ट्रंका उतरायला लागल्या. घरोघरी वरचा मजला चढला, त्यावर खोल्या, खाली मेस, आणि चौकाचौकात नंबर आलेल्या मुलांचे फोटो. क्लास चालतो तो टेस्टवर. टेस्टला पेपर लागतो, पेपरला प्रश्न लागतात आणि प्रश्न टाइप करायला आमच्यासारखे लोक लागतात. सरांच्या क्लासमध्ये मी टाइप करायला लागले आणि भांडत भांडत प्रश्नपेढीची प्रमुख झाले. प्रश्नपेढी म्हणजे क्लासचा सगळा खजिना. हजारो प्रश्न, त्यांची उत्तरं, त्यांच्या आकृत्या.

हा खजिना आम्ही कसा सांभाळत होतो ते सांगायला लाज वाटते. एकाच पेपरच्या फाइली असायच्या: फायनल, नवी फायनल, खरी फायनल आणि हीच घ्या. एकदा ‘खरी फायनल’चा पेपर आणि ‘नवी फायनल’ची उत्तरपत्रिका अशी जोडी लागली. हुशार पोरं नापास झाली आणि मागच्या बाकावरची पोरं पेढे वाटत आली. तेव्हा आमच्याच क्लासमध्ये शिकून पुण्यात नोकरीला लागलेल्या एका मुलीने मला गिट दाखवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिट म्हणजे फाइलींची आठवण ठेवणारा प्रोग्रॅम. कुणी, केव्हा, कुठल्या ओळीत काय बदललं ते सगळं त्याला आठवतं, आणि म्हणाल तेव्हा तो जुनी फाइल परत काढून देतो. ‘खरी फायनल’ची कटकट संपली. अडचण एकच होती. गिटशी बोलायचं ते इंग्रजी हुकूम टाइप करून, आणि काही हुकूम मालगाडीएवढे लांब.

माझ्या हाताखाली सुनंदा होती, शिरूर अनंतपाळची. तिचे आजोबा छप्पन सालानंतर बौद्ध झालेले, घरातली ती पहिली नोकरदार. टायपिंगचा वेग असा की बोटं दिसायची नाहीत. पण गिटचा हुकूम टाइप करताना तिची बोटं अडायची. एकदा तिने एक हुकूम टाकला आणि सकाळपासून घातलेले सगळे फेरबदल गेले. तो हुकूम फेरबदल टाकून देण्याचाच होता. गिटने सांगितलं तसं केलं.

“आपा, म्या काय केलं ओ?”

“तू काही केलं नाहीस. हुकूम वाईट आहे. उद्यापासून तो तुला टाइप करावा लागणार नाही.”

गिटमध्ये सोय आहे की लांब हुकमाला आपण छोटं नाव द्यायचं. एक ओळ टाइप करायची: सेटिंग, मग छोटं नाव, मग त्याचा पूर्ण अर्थ. झालं. नाव इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागतं, पण शब्द मराठी असला तर गिटची ना नाही. इथे वाचायला सोपं म्हणून मी देवनागरीत लिहिते. दुसऱ्यांचं ताजं काम आपल्याकडे घ्यायचं, तो झाला ‘आण’. आपलं पाठवायचं, तो ‘धाड’. सध्या काय स्थिती आहे विचारायचं, तो ‘कायहाय’. आधीच्यात आणि आताच्यात काय बदललं, तो ‘फरक’. आणि सुनंदासाठी ‘फेक’. हा मात्र खरं फेकत नाही. तो फेरबदल उचलून माळ्यावर ठेवतो, पश्चात्ताप झाला तर उतरवता येतात. माणसाच्या रागासाठी असाच एक हुकूम असता तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

सगळ्यात मोठा हुकूम होता ‘छाप’. एक शब्द, पण त्याच्या पोटात पूर्ण कारखाना. ताजे प्रश्न आण, एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथेच थांब, प्रश्न उलटसुलट करून चार संच कर, त्यांची छपाईची फाइल बनव आणि या पेपरवर शिक्का मार. असा हुकूम गिटबाहेरची कामंही करतो, म्हणून त्याच्या अर्थाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह द्यावं लागतं. मी लिहिण्यात उद्गारचिन्ह वापरत नाही. तिथे नाइलाज होता.

आता यातली खरी गंमत. ही छोटी नावं प्रश्नांबरोबर राहत नाहीत. ती ज्या त्या कॉम्प्युटरच्या एका लपलेल्या सेटिंगच्या फाइलीत राहतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळे प्रश्न नेले तरी नावं मागेच राहतात. प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी नावं घालत बसायचं म्हणजे पुन्हा भूकंपाचा तंबू. म्हणून मी खांब रोवला. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक फाइल केली, तिचं नाव ‘खांब’ ठेवलं, सगळे छोटे हुकूम तिच्यात लिहिले, आणि ऑफिसातल्या बाकी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये एकच ओळ टाकली: जा, खांब वाचून ये. नवा हुकूम करायचा, जुना सुधारायचा, तर खांबावर. सगळ्यांना तो त्याच क्षणी मिळतो. नवा माणूस आला की आधी खांब वाचणार, मग खुर्चीवर बसणार. हा नियम मी पुन्हा लावला.

हुकूम काढूनही टाकावे लागतात. ‘कुण’ नावाचा एक हुकूम मी केला होता. कुठली ओळ कुणी लिहिली ते तो सांगतो. चांगल्या मनाने केला होता. पण आमच्या मास्तर लोकांना त्याचा नाद लागला. केमिस्ट्रीचे मास्तर तासाला जायच्या आधी सुनंदाच्या खुर्चीमागे उभे.

“सुनंदा, ह्या प्रश्नाला कुण लाव गं.”

“सर, तुमचंच नाव येतंय.”

“मग बॉटनीवाल्यांच्या प्रश्नाला लाव.”

रोज कुण लावायचं आणि रोज भांडायचं. शेवटी मी ‘कुण’ खांबावरून काढून टाकला. मास्तर सरांकडे तक्रार घेऊन गेले आणि सरांनी मला बोलावलं. “रेहानाबाई, म्हणे गिटला आता कुणी लिहिलं ते कळत नाही. कंपनीने सोय बंद केली का?” मी म्हटलं, “सर, गिटला सगळं कळतं. मी फक्त हाक मारायचं नाव काढलंय.” त्यांनी मान हलवली. समजलं नव्हतं. त्यांना, मास्तरांना, सगळ्यांना ‘आण’, ‘धाड’, ‘छाप’ म्हणजेच गिट वाटायचं. मी समजावत बसले नाही. पुढे हेच त्यांना महागात पडलं.

आणखी एक मजा सांगते. काम धाडायचा गिटचा स्वतःचा ‘पुश’ हा हुकूम फक्त आपल्या परवानगीने चालावा असं सरांच्या मनात आलं. त्यांनी सांगितलं, त्याच नावाचा एक खोटा हुकूम करा, म्हणजे लोक तो टाइप करतील आणि काही होणार नाही. मी करून दाखवला. गिटने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गिटचं स्वतःचं जे नाव आहे त्यावर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नाही, मूळ हुकूमच चालवतं. सर म्हणाले, “फारच ताठ प्रोग्रॅम आहे.” मी तेव्हा हसले. आज हसू येत नाही.

नांदेडला शाखा काढायचं ठरलं तेव्हा सरांनी मला शब्द दिला. त्यांच्या केबिनमध्ये, चहा समोर, दार उघडं. “नांदेडची प्रश्नपेढी तुमच्याकडे. तुमच्या ह्या सोयींची छोटी पुस्तिका काढू, तिच्यावर तुमचं नाव घालू.” पगाराबद्दल मी त्या दिवशी बोललेच नाही. सुनंदाला आश्चर्य वाटलं. पण मला तेव्हा नाव हवं होतं. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव छापून आलं नव्हतं. अब्बांच्या दुकानावरची पाटीसुद्धा दुकानाच्या जुन्या मालकाच्या नावाची होती, ती त्यांनी कधी बदलली नाही. मी पुस्तिका लिहिली. प्रत्येक हुकूम, तो काय करतो, कधी वापरायचा, कधी नाही. खांबाबद्दल लिहिलं नाही, नांदेडला तो मी स्वतःच रोवणार होते.

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर सरांच्या भाच्याचं नाव होतं, प्रथमेश. पुण्याहून इंजिनिअर होऊन नुकताच आलेला. नांदेडच्या प्रश्नपेढीचा प्रमुखही तोच.

मी केबिनमध्ये गेले. दार मी लावलं नाही, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“सर, हे काय आहे?”

“रेहानाबाई, नांदेडचे पालक इंजिनिअर विचारतात हो. तुम्ही इथल्या आधारस्तंभ आहात.”

“मला स्तंभ नका म्हणू. मला शब्द दिला होता.”

“बघू ना पुढच्या आवृत्तीला.”

मी पुस्तिका त्यांच्या टेबलावर आपटली. चहाचा कप आडवा झाला आणि मुखपृष्ठावर डाग पडला. त्या प्रतीपुरतं तरी भाच्याचं नाव झाकलं गेलं.

प्रथमेश मुलगा वाईट नव्हता. माऊसने चालणाऱ्या गिटवर शिकलेला होता, हुकूम टाइप करायची वेळ त्याच्यावर आलेली नव्हती. नांदेडची तयारी करायला तो आमच्या ऑफिसात आला, सुनंदाच्या कॉम्प्युटरची सगळी डिस्क जशीच्या तशी नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि तिथेच बसून तपासली. आण चाललं, छाप चाललं, सगळं चाललं. चालणारच, कारण खांब पलीकडच्या टेबलावर होता. त्याने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर, कितीही रागात असले तरी, सांगितलं असतं. सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, “तू तुझे प्रश्न टाइप कर.”

आता एक बारीक गोष्ट सांगते, सगळं तिच्यावर आहे. ‘जा, खांब वाचून ये’ ही ओळ डिस्कबरोबर नांदेडला गेली. पण वाचायला खांबच सापडला नाही, तर गिट ओरडत नाही. चूक दाखवत नाही. खांब कधी नव्हताच अशा थाटात पुढे जातं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं जिथल्या तिथे आहे.

नांदेडला पहिली मोठी टेस्ट होती. मोफत ठेवली होती, प्रवेश त्यावरच व्हायचे. हदगावपासून पोरं सकाळच्या एसटीने आली होती, आईबापांसकट. मला फोन आला तो बालाजीचा. हा नायगावचा, नांदेडला नवा लागलेला ऑपरेटर.

“आपा, नंबर सुनंदाताईनं दिला. ते ‘आण’ चालंना गेलंय. ‘छाप’ बी चालंना. म्हणतंय, असा हुकूमच न्हाई.”

“प्रथमेशसर काय म्हणतात?”

“ते म्हणून राहिले, गिटची व्हर्जन खराब हाय. सकाळपासून काढून राहिले, परत टाकून राहिले.”

मला हसू आलं ते आलंच. त्या पोराने आपल्याच नावाची पुस्तिका समोर उघडी ठेवली असणार, आणि त्यातला एकही हुकूम गिटचा नव्हता. सगळे माझे होते. तो गिट बदलत होता.

“पोरं कुठं आहेत?”

“हॉलमध्ये बसलेत. पंखे लावलेत, पाणी वाटून झालं, सूचना सांगून झाल्या. पेपर न्हाई. आपा, पालक लई गरम होऊन राहिले.”

“मोठे सर तिथंच असतील ना? त्यांना म्हणावं, मला फोन करा.”

“आपा, माझी नोकरी—”

“तुझी नोकरी माझ्याकडे लागली. ठेव फोन.”

बालाजीने फोन ठेवताच मी खांबाची फाइल त्याला मेलवर पाठवून दिली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक म्हणाले की मी पोरांना ओलीस धरलं. फाइल पोचली होती. फक्त ती कुठे ठेवायची हे मला एकटीला माहीत होतं.

सरांचा फोन आला.

“आपा, कशा आहात?”

एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासाठी रेहानाबाई होते. आज आपा झाले. मला समजलं की बांगडी मनगटात चढली.

“बरी आहे, सर. टेस्ट कशी चाललीय?”

“जरा टेक्निकल अडचण आहे. प्रथमेश बघतोय.”

“मग त्याला बघू द्या. पुस्तिका त्याचीच आहे, तिच्यात असेल.”

मागून कुणीतरी, बहुतेक एखाद्या मुलीचे वडील, म्हणत होते, “आम्ही लेकराला घेऊन निघावं का मग?”

“आपा, काय पाहिजे ते सांगा.”

“जे द्यायचं कबूल केलं होतं तेच. प्रश्नपेढी आणि नाव.”

“प्रश्नपेढी घ्या. आजपासून घ्या. नावाचं बघू.”

“सर, ‘बघू’ म्हणणाऱ्याला आमचे अब्बा ओट्यावरून उठवायचे. फोन मोठ्या आवाजावर टाका. तिथं कोण कोण आहे?”

“आहेत सगळे. मास्तर आहेत, पालक आहेत.”

“मग चांगलंच आहे. मोठ्याने सांगा.”

आणि सरांनी सांगितलं. “ह्या सगळ्या सोयी रेहाना आपांनी केलेल्या आहेत. नांदेडची प्रश्नपेढी आजपासून त्या बघतील. पुस्तिकेवर त्यांचंच नाव येईल.”

“शेवटचं वाक्य पुन्हा, सर. हॉर्न वाजला, ऐकू आलं नाही.”

हॉर्न वाजला नव्हता. त्यांनी पुन्हा म्हटलं.

मग मी बालाजीला फोनवर घेतलं. फाइल कुठे ठेवायची ते सांगितलं, आणि ‘खांब वाचून ये’ या ओळीत नवी जागा अक्षर अक्षर करून घालून घेतली. म्हटलं, “आता ‘कायहाय’ टाक.”

“टाकलं. आपा, बोललं. बोललं की हो.”

“आता ‘छाप’.”

फोनवर मला प्रिंटरचा आवाज आला. आधी घरघर, मग एकसारखा खटखट. मी लातुरात, माझ्या टेबलाशी. सुनंदा शेजारी उभी होती, ती टेबलाला टेकून हसत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. अब्बांच्या दुकानात सणाच्या आदल्या दिवशी बायकांनी भरलेल्या हातांचा किणकिणाट व्हायचा, तसा तो प्रिंटर मला वाटला. पोरांना पेपर मिळाला, पूर्ण वेळ मिळाला, आणि हदगावची पोरं संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

पुढच्याच आठवड्यात मी नांदेडला गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथली प्रश्नपेढी चालवली. लातूरचा खांब सुनंदाकडे सोपवला, नांदेडचा मी बघितला. दोन्ही खांब एकमेकांशी जुळते राहावेत म्हणून ती फाइलसुद्धा गिटमध्ये ठेवली. कुणाला नवा छोटा हुकूम पाहिजे असेल तर त्याने आधी सांगायचं, तो कशासाठी, आणि जुन्यातल्या कुठल्याने भागत का नाही. निम्मे लोक सांगता सांगताच गप्प बसायचे. प्रथमेश माझ्याकडे काही महिने होता. टाइप करायला शिकला, चांगला शिकला, मग पुण्याला गेला. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला, मनापासून दिला. बालाजी आता माझ्या खुर्चीवर आहे. नव्या माणसाला तो अजून म्हणतो, “आधी खांब वाचून ये, मंग बस.”

पण पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली ती त्याच मुखपृष्ठाची. तिसरीही तशीच. मी दर वेळी विचारलं. एकदा छपाई आधीच झाली होती, एकदा डिझाइनवाला आजारी होता. मी नोकरी सोडते म्हणाले, तर सर म्हणाले, “खुर्ची दिली ना आपा, आणखी किती ताणता?” मी थांबले, कारण सोडून गेले असते तर खुर्चीबरोबर खांबही त्यांना फुकट मिळाला असता. आणि मी निवृत्त झाल्यावर सरांनी क्लासचा मोठा कार्यक्रम ठेवला, नांदेडच्या त्याच हॉलमध्ये. मातृभाषेतून तंत्रज्ञान सोपं केल्याबद्दल पुण्याहून बोलावलेल्या प्रथमेशला शाल आणि श्रीफळ दिलं. मला निमंत्रण होतं. तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. सुनंदा शेजारी होती, तिने माझा हात धरून ठेवला म्हणून मी उठले नाही. प्रथमेशने भाषणात माझं नाव घेतलं, मार्गदर्शक म्हणून. त्याची मान खाली होती. शाल देणाऱ्याची नव्हती.

सर, हा लेख तुमच्यासाठी आहे. प्रथमेशला मी काही विचारत नाही, त्याला जे दिलं ते त्याने घेतलं. मी तुम्हाला विचारते. बालाजीला म्हणा, खांबावर पुन्हा ‘कुण’ बसव, आणि खांबालाच कुण लाव. ओळीओळीवर कुणाचं नाव येतं ते स्वतः खुर्चीमागे उभं राहून वाचा. मास्तर लोकांनाही बोलवा, त्यांना सवय आहे. मग मला सांगा की मुखपृष्ठावर दुसरं नाव कशासाठी आणि कुणाच्या हुकमाने. मला उत्तर पत्राने नको, माणसामार्फत नको, पुढच्या आवृत्तीत नको. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, माईकवर पाहिजे. तुम्ही त्या दिवशी फोनवर तीन वाक्यं बोलला होता, त्यातली दोन खरी झाली. शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, सर. या वेळी मी हॉर्नचं निमित्त सांगणार नाही.